रकाना चार : भूषवलेली पदे

गणित शिकवणाऱ्यांच्या ज्या संघटनेची मी आजीव सभासद आहे, तिने यंदापासून एक नवा पुरस्कार सुरू केला आहे. तो संशोधनासाठी नाही आणि आदर्श शिक्षकासाठीही नाही. दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासणं, नियतकालिकाची प्रुफं वाचणं, अधिवेशनात पाहुण्यांच्या गाद्यांपासून सत्रांच्या वेळापत्रकापर्यंत सगळं निभावणं, नव्याने संशोधनाला लागलेल्यांना हाताशी धरणं, अशी जी कामं कुणीतरी पदरमोड करून वर्षानुवर्षं करत असतं, त्यांच्यासाठी हा पुरस्कार आहे. स्वतःचा अर्ज स्वतः करायचा नाही, नामांकन दुसऱ्याने पाठवायचं. पत्रक वाचून संपायच्या आत मी कुणाचं नाव देणार ते ठरलं होतं.

ते नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांनी तसं बजावलं आहे. नुसतं सर म्हणते. नाशिक जिल्ह्यात गणित शिकवणाऱ्या मधल्या पिढीला थोडं पुढे वाचलं की ओळख पटेल.

फॉर्म उघडला आणि चौथ्या रकान्यापाशी थांबले. ‘भूषवलेली पदे.’ सरांनी एकही पद भूषवलेलं नाही. ते अभ्यास मंडळावर नव्हते, कुठल्या संपादक मंडळात त्यांचं नाव छापलेलं नाही, अधिवेशनाच्या बॅनरवर तर नाहीच. रकाना पाच : पदाचा कालावधी. रकाना सहा : नियुक्तिपत्रांच्या प्रती. सरांना कुणी नेमलंच नव्हतं.

मग त्यांनी केलं काय, ते सांगते.

सर राहायचे नाशिकरोडला आणि शिकवायचे तालुक्याच्या एका कॉलेजात. इंटरनेट यायच्या आधीचे दिवस. सुरगाणा, कळवण, पेठ, येवला, मालेगाव, जिथे जिथे कुणी एम.फिल. किंवा पीएच.डी.चं काही करत होतं, तिथून त्यांना पोस्टकार्डं यायची. अमुक नियतकालिक, अमुक खंड, अमुक पानं. सर ते सगळं एका लांबट वहीत उतरवून ठेवायचे. मग सवडीचा एखादा शनिवार बघून सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, ग्रंथालयात बसून यादीतले खंड एकेक करून काढायचे, झेरॉक्स करायच्या आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत यायचं. सोमवारी पाकिटं पोस्टात पडायची. कुणी नंतर मनीऑर्डरने पैसे पाठवायचं, कुणी पाठवायचं नाही. ती वही मी पाहिली आहे. त्यात मागणाऱ्याचं नाव आहे, गाव आहे, शोधनिबंधाचं शीर्षक आहे, पाठवल्याची तारीख आहे. पैशाचा रकाना नाही.

ज्यांनी हे दिवस पाहिले नाहीत त्यांना याचं मोल चटकन कळणार नाही. तालुक्याच्या कॉलेजात तेव्हा ग्रंथालय म्हणजे क्रमिक पुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिका. आपल्या प्रश्नावर जगात काय काय होऊन गेलं आहे हेच माहीत नसेल, तर माणूस दोन वर्षं खपून एखादं प्रमेय सिद्ध करायचा आणि ते आधीच कुणीतरी सिद्ध केलेलं निघायचं. अशा धक्क्यानंतर गणित कायमचं बाजूला ठेवलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. सरांच्या पाकिटांनी किती जण त्यातून वाचले, ते मोजता येणार नाही.

दुसरं काम वाचण्याचं. माझी त्यांच्याशी ओळख त्यातूनच झाली. नोकरी नवी, मुलगी लहान, मार्गदर्शक पुण्याला. ग्राफ थिअरीतला माझा पहिला शोधनिबंध कच्चा लिहून झाला होता आणि तो दाखवायला गावात कुणी नव्हतं. एका सहकाऱ्याने सरांचा पत्ता दिला. कागद पाठवले, ते आठवड्याभरात हिरव्या शाईने भरून परत आले. तिसऱ्या लेमाच्या, म्हणजे मुख्य प्रमेयाकडे नेणाऱ्या छोट्या साहाय्यक प्रमेयाच्या, सिद्धतेत मी एके ठिकाणी ‘हे उघड आहे’ असं लिहिलं होतं. समासात सरांनी लिहिलं होतं, ‘मला दोन दिवस उघड झालं नाही. तुम्हाला कसं झालं ते लिहा.’ लिहायला बसले आणि त्या एका ओळीचं दीड पान झालं. पुढे शोधनिबंध स्वीकारला गेला, तेव्हा परीक्षकाने नेमकं त्या दीड पानाबद्दल चांगलं लिहिलं होतं. शोधनिबंधावर नाव माझं आहे, आणि ते रास्तच आहे, गणित माझंच होतं. पण ते दुसऱ्याला वाचता येईल असं झालं ते सरांमुळे.

हे सगळं रकाना चारमध्ये कुठे बसवायचं?

आपल्या देशातल्या गणिताच्या इतिहासात हे काम अगदी पायाशी आहे. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या, महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाने गणिताची आवड असलेल्यांना पत्रं लिहिली : आपण वर्गणी काढू, परदेशी नियतकालिकं आणि पुस्तकं मागवू आणि ती टपालाने एकमेकांकडे फिरवू. सुरुवातीला त्याचं नाव ॲनॅलिटिक क्लब होतं, त्याचीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. सोसायटीचं ग्रंथालय आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं, तिथले प्राचार्य रँग्लर परांजप्यांच्या छायेत. म्हणजे देशातली गणिताची सर्वांत जुनी संघटना उभी राहिली ती पाकिटं पाठवण्यासाठीच. सरांना हे मी सांगितलं तेव्हा ते नुसते हसले. त्यांना आधीपासून माहीत होतं.

याच सोसायटीच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजनांचा पहिला शोधनिबंध छापला गेला, बर्नुली संख्यांवरचा. तेव्हा संपादक होते बंगलोरचे एम. टी. नारायण अय्यंगार. रामानुजनांची लिहिण्याची पद्धत इतकी त्रोटक होती, की मधल्या पायऱ्या वाचणाऱ्याला सापडायच्याच नाहीत. अय्यंगारांनी ते हस्तलिखित पुन्हा पुन्हा परत पाठवलं, पुन्हा मागवलं, छापण्याजोगं होईपर्यंत पिच्छा सोडला नाही. रामानुजनांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं ते त्यानंतर, १९१३ च्या जानेवारीत. हार्डींचं नाव माझ्या अकरावीतल्या मुलांनाही माहीत असतं. नारायण अय्यंगारांचं नाव मी वर्गात दरवर्षी मुद्दाम घेते आणि मुलांना वहीत लिहून घ्यायला लावते. एक माणूस महिनोन्महिने दुसऱ्याचं गणित समजून घेत बसतो, त्यातलं श्रेय आपल्याकडे ओढत नाही, आणि त्यामुळे ते गणित जगापुढे जातं. याहून मोठी सेवा गणितात कोणती असते मला ठाऊक नाही.

आणि नाशिककरांनी तर दूर जायलाच नको. देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमधून पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिकवलं. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. त्यांचा ६१७४ हा आकडा आता जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता आणि पुढे तिथेच राहता. त्यांचं जन्मवर्षच घेऊन बघा : १९०५. पहिल्या वजाबाकीत ९३५१ येतात, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. सातच्या सात पायऱ्या लागतात. वर्गात मी हे फळ्यावर करते तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा वही काढतात.

कापरेकरांनी ही संख्या १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. मला नेहमी त्या परिषदेच्या टेबलामागे बसलेल्या माणसांचा विचार येतो. एका शाळामास्तराचा निबंध आला आहे, विषय वजाबाकीचा आहे, हाताखाली विद्यापीठांच्या प्राध्यापकांचे निबंध पडले आहेत, तरी कुणीतरी तो वाचला आणि कार्यक्रमात त्याला वेळ दिला. कापरेकर स्वतःही पदरच्या पैशाने पुस्तिका छापायचे आणि शाळा-कॉलेजांतून व्याख्यानं द्यायला जायचे. १९७५ साली गणितावर सोप्या भाषेत लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीचं नाव जगात गेलं. पण मधल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत ते काम जिवंत राहिलं ते छोट्या नियतकालिकांमुळे आणि ती चालवणाऱ्या लोकांमुळे.

अशा कामाची किंमत करणाऱ्याच्या स्वतःच्या संशोधनातून वसूल होते, हेही सांगायला हवं. टी.वाय.ला, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला, आपण स्टोक्सचं प्रमेय शिकवतो. ते जॉर्ज स्टोक्स १८५४ ते १८८५ इंग्लंडच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे सचिव होते. सोसायटीकडे आलेले निबंध वाचणं, ते परीक्षकांकडे पाठवणं, लेखकांना लांबलचक पत्रं लिहून चुका दाखवणं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांच्या मित्रांना याची हळहळ वाटायची, की हा वेळ त्यांच्या स्वतःच्या भौतिकशास्त्राला मिळायला हवा होता. आमच्या सरांचे स्वतःचे शोधनिबंध हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. फॉर्ममध्ये शोधनिबंधांची यादी जोडायला सांगितली आहे. मी जोडली, आणि ती इतकी छोटी का आहे तेही खाली लिहिलं.

परदेशात असे पुरस्कार जुने आहेत. मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिकाने १९६२ पासून गणिताच्या सेवेसाठी पुरस्कार द्यायला सुरुवात केली. गणितातल्या स्त्रियांची असोसिएशन फॉर विमेन इन मॅथेमॅटिक्स ही संघटना १९७१ ची, तिने २०१२ मध्ये सेवा पुरस्कार सुरू केला, आणि त्याच्या व्याख्येतच असोसिएशनसाठी ऐच्छिकपणे केलेलं असाधारण काम असं म्हटलं आहे. मला हा दुसरा जास्त आवडतो. कारण तिथे माणूस किती मोठा आहे हे विचारत नाहीत, काम काय केलं ते विचारतात. आपल्याकडे सेवेचा पुरस्कार म्हटला की तो फिरून अध्यक्षांकडे, कार्यवाहांकडे, कुलगुरूंकडे जातो. त्यांनी काम केलेलं नसतं असं नाही. पण पदावरच्या माणसाचं काम आधीच दिसलेलं असतं, त्याचे फोटो असतात, अहवालात नाव असतं. आमच्या संघटनेने फॉर्म छापताना हाच साचा उचलला, म्हणून रकाना चार. मी कार्यवाहांना फोन करून हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “मॅडम, पदं नसतील तर ज्यांच्यासाठी काम केलं त्यांची पत्रं जोडा. समिती वाचेल.”

मग मी फोन लावायला बसले. सरांच्या वहीतल्या नावांवरून सुरुवात केली. सुरगाण्याला तेव्हा शिकवणारे एक जण आता निवृत्त होऊन दिंडोरीला द्राक्षाची बाग बघतात. मालेगावचे एक सर उर्दू माध्यमाच्या मुलांना गणित शिकवत होते. येवल्याच्या एक मॅडम आता हैदराबादला विभागप्रमुख आहेत. मी विचारायचे, सरांनी तुमच्यासाठी काय केलं होतं? आणि प्रत्येकाच्या बोलण्यात थोड्याफार फरकाने तेच आलं : “ते माझ्यासाठी इतकं का करतात, मला कळायचं नाही.” दिंडोरीच्या सरांना येवल्याच्या मॅडम माहीत नव्हत्या. मॅडमना मालेगावचे सर माहीत नव्हते. मलाही यांतलं कुणी माहीत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, सर हे फक्त आपल्यासाठी करत आहेत.

त्या संध्याकाळी मला या नामांकनाचं मर्म कळलं. असं काम ज्याच्यासाठी केलं त्यालाच फक्त दिसतं. करणारा सांगत नाही, संस्थेकडे नोंद नसते, बघणारा तिसरा कुणी नसतो. म्हणून लिहायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. ज्यांनी घेतलं ते गप्प राहिले, तर ते काम झालंच नव्हतं असं होतं. पुरस्कार सरांना मिळो न मिळो, ही पत्रं एकत्र येणं मला जरुरीचं वाटायला लागलं.

सरांना विचारल्याशिवाय फॉर्म पाठवणं योग्य नव्हतं, म्हणून नाशिकरोडला गेले. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. “यात बक्षीस कसलं? मी वाचलं, मला वाचायला मिळालं.” मी पत्रं पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून मालेगावचं पत्र पूर्ण वाचलं, मग दिंडोरीचं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अहो मॅडम, तालुक्याला माझ्याशी गणितावर बोलायला कोण होतं? हे कागद यायचे म्हणून मी गणितात राहिलो. मीच त्यांचा ऋणी आहे असं लिहा हवं तर.” मी ते तसंच लिहिलं आहे.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “रविवारी घरात पाकिटांचा कारखाना असायचा. मुलं पत्ते लिहायची, खळ मी शिजवायचे.” नियतकालिकाच्या पाहुण्या संपादकाचं जेवण, अधिवेशनाला आलेल्या कुणाची मुक्कामाची सोय, हेही त्याच घरात होत होतं. मी फॉर्मच्या निवेदनात काकूंचं नाव घातलं, त्यांना विचारून. अशा बहुतेक सेवेच्या मागे घरातलं कुणीतरी न मागता राबलेलं असतं, आणि बहुधा ती बाई असते. कॉलेजातही बघा. परिषदेची नोंदणी, प्रमाणपत्रं, विद्यार्थ्यांच्या अडचणी, मानसिक आधार, ही कामं फिरून स्त्री प्राध्यापकांच्या टेबलावर येतात. निवड समितीने नामांकनं वाचताना एवढं तरी ध्यानात ठेवावं, असं मी पत्रात वेगळं लिहिलं.

आता एक गोष्ट, जी मला गंभीरपणे खटकते. आज शोधनिबंध छापणाऱ्या मोठमोठ्या व्यापारी प्रकाशन कंपन्या आहेत. परीक्षकांना त्या सहसा काही देत नाहीत आणि तीच नियतकालिकं ग्रंथालयांना जबर दराने विकतात. आपण फुकट तपासलेलं आपल्याच कॉलेजला परवडत नाही. असल्या व्यवस्थेत सेवेचे पुरस्कार हे फुकट राबण्यावरचं पांघरूण होऊ नये. बढतीच्या अर्जात, ज्याला आम्ही कॅस म्हणतो, शोधनिबंधाला गुण आहेत, पुस्तकाला आहेत, मार्गदर्शनाला आहेत. दुसऱ्याचा निबंध नीट वाचून परत पाठवण्याला नाहीत. मग तरुण सहकारी म्हणतात, मी कशाला वाचू? त्यांना दोष कसा द्यायचा? त्यांच्यावर नोकरी टिकवायचा ताण आहे. वर्षातून एकाला सन्मानचिन्ह आणि बाकीच्या सगळ्यांना शून्य गुण, हे चालणार नाही. संघटनेने पुरस्कार जरूर द्यावा, आणि त्याच बैठकीत परीक्षणाच्या कामाची अधिकृत नोंद देणारं पत्र प्रत्येक परीक्षकाला वर्षाअखेर पाठवायचा ठरावही करावा. तसा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे, हे वाचणाऱ्या सभासदांपैकी कुणी तयार असेल तर जरूर कळवा.

फॉर्म शुक्रवारी गेला. रकाना चारमध्ये मी ‘पद नाही’ असं लिहिलं आणि पुढे कंसात ‘सोबतची पत्रे पाहावीत’. निकाल डिसेंबरच्या अधिवेशनात लागेल. शनिवारी मालेगावच्या सरांचा पुन्हा फोन आला. त्यांनी त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगितली होती, तर त्या दोघांकडेही हिरव्या शाईचे कागद निघाले. एक जण आता चाळीसगावला शिकवतो, दुसरा दुबईत नोकरी करतो. दोघांची पत्रं या आठवड्यात येतील. फॉर्मची मुदत संपली असली, तरी कार्यवाहांनी ती घ्यायचं कबूल केलं आहे, म्हणून ती वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे.